बेगडाचं राज्य

गणपतीच्या दहा दिवसांत कुठल्या रात्री काय करायचं, हे आमच्या चाळीत आषाढातच ठरायचं. गिरगावाला ही सवय जुनी. केशवजी नाईकांच्या चाळीत १८९३ साली सार्वजनिक गणपती बसला आणि मग आसपासच्या वाड्या-चाळींतून मेळे, नकला, नाटुकली यांना ऊत आला. आमच्या आईवडिलांच्या गप्पांत मेळ्यांचा विषय निघाला की रात्रीचे बारा वाजायचे. आम्ही, म्हणजे साठ आणि सत्तरच्या दशकांत चाळीत वाढलेली पोरं, शाळेत जायला लागेपर्यंत मेळे संपत आले होते. आमच्या वाट्याला आले सजीव देखावे, ऐतिहासिक प्रवेश आणि वेशभूषा स्पर्धा. त्यातल्या अभिनयाचं आम्हाला फारसं सोयरसुतक नव्हतं. भाषण विसरलं तर विंगेतून सांगायला कुणीतरी असायचंच. जीव अडकलेला असायचा तो पोशाखात.

ड्रेपरी भाड्यानं मिळायची, पण ती मोठ्यांसाठी. वसंत कानेटकरांचं ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ १९६२ साली आलं आणि त्यातले प्रवेश हौशी मंडळी जागोजागी करायला लागली. त्यांच्यासाठी पत्र्याच्या ट्रंकेतून मखमली अंगरखे यायचे. मोठे चहाला गेले की आम्ही ती ट्रंक उघडून बघत असू. वरून जर, आतून घामाचे नकाशे. काखेत उसवलेलं आणि दुसऱ्याच रंगाच्या दोऱ्यानं टाचलेलं. हे बघितल्यावर आमची खात्रीच पटली की याहून बरं आपण घरी करू.

आणि करायचोही. सामान फार लागत नसे, लागायची ती दुसऱ्याच्या घरातली वस्तू मागायची हिंमत. पुठ्ठा कापडाच्या दुकानातून, देवदारी फळी फळवाल्याच्या खोक्याची, बांबूची कामटी मांडववाल्याकडून. भुलेश्वरला जाऊन बेगड, टिकल्या आणि जरीच्या फिती तेवढ्या पैसे देऊन आणायच्या. बाकी सगळं चाळीतच होतं. एका काकांची नोकरी सूतगिरणीतली. ते सूत गुंडाळायचे पुठ्ठ्याचे रिकामे कोन आणून द्यायचे. त्या कोनाकडे बघून आम्हाला सूत कधी आठवलंच नाही, आठवायचा तो मुकुटाचा कळस.

मुकुट करायची रीत चाळभर एकच होती आणि ती कुणी कुणाला शिकवलेली नव्हती, बघून बघून आलेली होती. ज्याला मुकुट घालायचा त्याच्या डोक्याच्या मापाचं पातेलं शोधायचं. पालथं घालून त्याला गोडं तेल चोपडायचं. दुपारी स्टो रिकामा झाला की मैद्याची खळ शिजवायची. रॉकेल रेशनवर, त्यामुळे आईची बोलणी खळीबरोबरच शिजत असत. खळीत चिमूटभर मोरचूद टाकायचं, नाहीतर रात्रीतून झुरळं मुकुटाचा फडशा पाडतील. वर्तमानपत्राच्या पट्ट्या खळीत बुडवून पातेल्यावर एक थर आडवा, एक उभा, असे चढवत जायचं. पण दिवस पावसाचे. उन्हाची तिरीप नाही. मग ते पातेलं न्हाणीघरातल्या बंबापाशी ठेवायचं आणि येणाऱ्या-जाणाऱ्यानं ते थोडंथोडं फिरवायचं. आंघोळीला गेलेले आजोबासुद्धा फिरवायचे. वाळलेली टोपी पातेल्यापासून सुटताना ‘टक्’ असा आवाज झाला तर काम फत्ते. नाही झाला तर सुरी घालायची आणि वर भोक पडलं तर कोन तिथंच बसवायचा.

खरी कला पुढे होती. सुतळी सरसात भिजवून तिची नागमोडी वेलबुट्टी टोपीवर चिकटवायची आणि वाळली की तिच्यावरून बेगड चढवायचं. बेगड इतकं पातळ की नख लागलं तरी फाटतं. ते कापसाच्या बोळ्यानं हलकेच दाबत न्यायचं, म्हणजे खालच्या सुतळीची नक्षी उठून येते. दहा फुटांवरून ते ठोकीव सोनं वाटायचं. हे काम करणारी आमच्यात एकच मुलगी होती. तिच्या बोटांना घाम येत नसे, एवढंच त्याचं रहस्य. बाकी कुणी बेगडाला हात लावला तर ती सरळ फुटपट्टी मारायची.

चिलखताची गोष्ट निराळी, ती फक्त मुंबईच्या पोरांनाच कळेल. तेव्हा आरेचं दूध काचेच्या बाटलीतून यायचं आणि बाटलीला ॲल्युमिनियमचं पातळ झाकण असायचं. पहाटे केंद्रावरून बाटल्या आल्या की झाकणं टोपलीत जात. ती आम्ही जूनपासून मजल्यामजल्यावरून गोळा करायला लागायचो. आधी धुण्याच्या सोड्यात घालून आंबट वास घालवायचा. मग पाटावर ठेवून वाटीच्या बुडानं घासून सुरकुत्या काढायच्या. पुढे दोन भोकं पाडून प्रत्येक झाकण जुन्या बनियनवर खवल्यांसारखं शिवायचं, वरच्या ओळीनं खालच्या ओळीची भोकं झाकली जातील अशा बेतानं. शेकडो झाकणं लागत. बनियन घालून चाललं की सळसळ असा आवाज यायचा आणि गॅसबत्तीच्या उजेडात ते असं काही लकाकायचं की लहान पोरं हात लावायला धावत.

अडचण इतिहासाची होती. प्रवेश अफजलखानाच्या वधाचा, साल १६५९. चाळीतले एक गुरुजी तालमीला येऊन बसायचे. त्यांनी सांगितलं की महाराजांनी चिलखत अंगरख्याच्या आत घातलं होतं आणि लोखंडी टोपही मंदिलाखाली होता. खानाला दिसू नये हाच तर सगळा डाव. गुरुजींचं बरोबरच होतं. पण तीन महिने झाकणं शिवल्यावर ती आत झाकून कोण टाकेल? आमचे महाराज दरवर्षी चिलखत अंगरख्यावर घालूनच खानाला भेटले. खानालाही त्याचं कधी काही वाटलं नाही. त्याच्या पोटावर दोन उशा बांधलेल्या असत आणि त्याचं सगळं लक्ष त्या घसरू नयेत याच्याकडे असे.

गुरुजींचा दुसरा आक्षेप पगड्यांवर होता. चाळीत खरीखुरी पगडी एकच, तळमजल्यावरच्या आजोबांच्या वडिलांची, अस्सल पुणेरी. ती उसनी मिळाली की कुठल्यातरी मावळ्याच्या डोक्यावर जायचीच. “पेशवाईला अजून पन्नास वर्षं आहेत रे,” असं गुरुजी कळवळून सांगायचे. त्यांनी एकदा अंगरख्याच्या बंदांचाही विषय काढला होता. मुघल काळातल्या चित्रांत हिंदू माणूस जाम्याचे बंद डाव्या बाजूला बांधतो आणि मुसलमान उजव्या, त्यावरून दरबारातली माणसं ओळखता येतात, असं ते म्हणाले. मशीनवर बसलेल्या काकूंनी चष्मा वर करून ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “कापड उजवीकडे उरलंय.” विषय तिथंच संपला. त्या वर्षी दोन्ही बाजूंचे सरदार उजवीकडेच बांधले गेले.

हसू येतं खरं, पण इतिहासातला कपडा म्हणजे नुसता रंग नव्हे, त्यालाही कूस, बंद आणि कारण असतं, हे आम्हाला त्या तालमीत कळलं. शाळेच्या पुस्तकात वधाचं साल होतं. चिलखत कुठे होतं हा प्रश्न आम्हाला पडला तो ते शिवायला बसलो म्हणून.

आमचे आधार म्हणाल तर भिंतीवरची कॅलेंडरं, चांदोबातली चित्रं, दिवाळी अंकांवरची दीनानाथ दलालांची मुखपृष्ठं. गणपतीत गल्लीत आडवा पडदा बांधून भालजी पेंढारकरांचा ‘छत्रपती शिवाजी’ दाखवत. चंद्रकांत मांढरे पडद्यावर आले की बाकीचे टाळ्या वाजवायचे आणि आमच्यातले दोघं पडद्याच्या उलट्या बाजूला बसून जिरेटोपाचा तुरा कुठल्या अंगाला आहे ते कागदावर काढायचे. उलट्या बाजूनं पाहिल्यामुळे आमचा तुरा कायम चुकीच्या अंगाला असायचा, हे पुष्कळ वर्षांनी ध्यानात आलं.

कपाटातल्या कपड्यांचं राजकारण वेगळंच. शेल्यासाठी आईचा लग्नातला शालू लागे. तो डांबराच्या गोळ्यांतून बाहेर येई, त्यामुळे आमच्या दरबारातल्या यच्चयावत राजेरजवाड्यांना डांबराच्या गोळ्यांचा वास येत असे. पितांबरासाठी आजोबांचा कद हवा असायचा, आणि तिथं आजी आडवी यायची. पूजेचं सोवळं नाटकात नेलं तर ते पुन्हा सोवळं कसं राहणार? तोड अशी निघाली की कद फक्त देवांच्या भूमिकेला द्यायचा. राम, कृष्ण चालतील, दुर्योधनाला मिळणार नाही. दुर्योधन बिचारा पडद्याच्या कापडावर भागवायचा.

दाढ्या अंबाडीच्या वाखाच्या, शाईत बुडवून काळ्या केलेल्या आणि डिंकानं चिकटवलेल्या. त्या चावत. मिशांना औषधाच्या बाटलीचं जाळलेलं बूच. ढालीला पत्र्याचं ताट, वाघनखांना दाराच्या कड्या. हे झटपट आटपे.

मुलींचं काय, हे कुणी विचारत नाही, म्हणून सांगतो. शिवायचं, टाचायचं, बेगड लावायचं, सगळं त्यांच्याकडे. आणि भूमिका दोनच, भारतमाता किंवा जिजाऊ. दोघींनाही नुसतं उभं राहायचं. त्यामुळे झाशीची राणी व्हायला भांडणं होत. तिला तलवार होती, कास मारलेली नऊवारी होती, डोक्याला फेटा होता, आणि पाठीवर दामोदर म्हणून बांधलेली उशी असली तरी दोन्ही हात मोकळे होते. जी एकदा राणी झाली ती पुढची दोन वर्षं तलवार परत द्यायची नाही. कार्यक्रमपत्रिकेवर खाली ‘वेशभूषा : महिला मंडळ’ एवढंच छापलेलं असे. नट मंडळींची नावं मात्र आडनावांसकट. रात्र रात्र मशीन चालवणाऱ्या काकूंचं नाव माईकवरून कुणी घेतलेलं मला तरी आठवत नाही.

देव-दानव, राजे-रजवाडे यांच्या पलीकडचं जे काही होतं ते वेशभूषा स्पर्धेत खपून जायचं. तिथं इंद्रजाल कॉमिक्समधला वेताळ येई. त्याच्यासाठी लांब बाह्यांचं बनियन आणि पायघोळ विजार नीळ आणि कुंकू एकत्र करून जांभळी करायची. त्याची ती पट्ट्यापट्ट्यांची चड्डी तर देवानंच आमची सोय केल्यासारखी, प्रत्येक घरात नाडीसकट तयार! कवटीची अंगठी साबणातून कोरलेली. पावसात रंग सुटला की आतला मुलगाही जांभळा व्हायचा. मॅण्ड्रेक जादूगार सोपा, तो वडिलांच्या कोटात आणि छत्रीच्या काळ्या कापडात बसायचा.

पुढे २५ जानेवारी १९८७ ला दूरदर्शनवर ‘रामायण’ सुरू झालं. तोवर आमच्यातले बरेच जण नोकरीला लागले होते आणि मुकुट करायची पाळी धाकट्या भावंडांवर आली होती. त्यांनी रविवारी सकाळी टीव्हीसमोर वही घेऊन बसायला सुरुवात केली. गंमत म्हणजे चाळीतला तो टीव्ही कृष्णधवल. मुकुटाचा आकार तंतोतंत उतरवला गेला, पण रावणाचा शेला कुठल्या रंगाचा यावर दोन तट पडले. शेवटी कॅलेंडर काढलं. वर्षा-दोन वर्षांत बाजारात प्लॅस्टिकच्या गदा आणि धनुष्यबाण लटकायला लागले. भाड्याची ड्रेपरी आवाक्यात आली. थर्मोकोल आला. आणि दूध पिशवीतून यायला लागलं तेव्हा आमचं चिलखताचं शास्त्र एका झटक्यात बुडालं. त्याबद्दल तेव्हा कुणी हळहळलं नाही. आम्ही डोंबिवली-बोरिवलीला ब्लॉक घेण्याच्या खटपटीत होतो.

आता आमच्यातल्या एकीचा नातू कॉमिक कॉनला जातो. मित्रांची टोळी जमवून महिनोन्‌महिने फोमच्या शीट कापतो, गरम हवेच्या यंत्रानं वाकवतो, त्यावर रंग चढवतो. याला कॉस्प्ले म्हणतात. गेल्या वर्षी त्याला खांद्यावरच्या झग्याच्या चुण्या जमेनात म्हणून तो आजीकडे आला. आजीनं पात्राची सगळी जपानी कूळकथा ऐकून घेतली, म्हणाली, “म्हणजे आपला वेताळच की,” आणि मशीन काढलं. झगा पाहून पोरानं पुढची मागणी केली. त्याला आणि त्याच्या मित्रांना मावळ्यांचा आख्खा जथा उभा करायचा आहे, अगदी १६५९ चा, आणि चिलखत फोमचं नको, धातूचं हवं.

चाळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हा प्रश्न आला आणि दोन दिवस दुसरं काही चाललं नाही. आरेची झाकणं आता कुठून आणणार? कुणी सरबताच्या बाटल्यांचे बिल्ले सुचवले. ते जड होतात. कुणी चॉकलेटची चांदी. ती टिकत नाही. मग नाशिकला असलेल्या त्या बेगडवाल्या मुलीनं, ती आता सत्तरीला टेकली आहे, एक फोटो टाकला: औषधाच्या गोळ्यांची रिकामी पाकिटं, चंदेरी बाजू वर करून, एकावर एक खवल्यांसारखी मांडलेली. आधी खालचं प्लॅस्टिक काढा, कडा दुमडून घ्या आणि बेगडाला नख लावू नका, अशी सूचना खाली. एका आठवड्यात अकोला, ठाणे, पुणे, अगदी ह्यूस्टनहूनसुद्धा पाकिटं गोळा होत असल्याचं कळलं. माल भरपूर आहे. रक्तदाबाची एकटीच पाठ झाकतील आणि साखरेची पुढच्या बाजूला पुरून उरतील. चिलखत अंगरख्याच्या आत की बाहेर, यावर मात्र अजून मतदान चालू आहे.