सगळं एकसारखं नकोच

व्हिडिओ गेम बनवणाऱ्यांना आवाजातलं ओ की ठो कळत नाही, असं माझं बरीच वर्षं पक्कं मत होतं, आणि ते मी विचारणाऱ्याला, न विचारणाऱ्याला ऐकवतही असे. पात्रं आपसात कुजबुजतात तेव्हा कान टवकारले तरी शब्द लागत नाही. म्हणून आवाज वाढवावा, तर पुढच्या क्षणी पूल उडतो आणि शेजारच्या खोलीतून सासूबाई विचारतात, "काय पडलं गं?" मी चाळिशी ओलांडलेली, नोकरी करणारी बाई. घरात निजानीज झाल्याशिवाय मला खेळायला फुरसत नाही. त्यामुळे एक अंगठा कायम रिमोटवर: संवाद आला की वर, बंदुका निघाल्या की खाली. कोट्यवधी रुपये ओतून केलेल्या खेळात हे काम माझ्या अंगावर का, असं वाटून चडफडायचे. त्यावर माझा उपायही ठरलेला होता. सगळे आवाज एका पातळीत आणा. नियम करा आणि न पाळणाऱ्याला दंड ठोका.

हा उपाय आता मला पटत नाही. राग शिल्लक आहे, पण तो वेगळ्याच ठिकाणी जाऊन बसलाय.

नियमाचं खूळ डोक्यात शिरलं ते टीव्हीवरून. केबल टेलिव्हिजनच्या १९९४ च्या नियमांत जाहिरातीचा आवाज अवाजवी मोठा नसावा असं लिहिलेलं आहे. (कितपत पाळतात, ते रात्रीची मालिका बघणाऱ्या कुणालाही विचारा.) अमेरिकेत जाहिरातींच्या आवाजासाठी २०१० साली कायदाच झाला, आणि त्याच वर्षी युरोपातल्या प्रसारकांनी कार्यक्रमाच्या सरासरी आवाजासाठी उणे २३ हा आकडा ठरवला. कानाला जाणवणारा मोठेपणा मोजायचं एलयूएफएस नावाचं एकक आहे, त्यातला हा आकडा. मग खेळांनाच काय धाड भरली होती? शोधायला गेले तर तोही आकडा सापडला. सोनीच्या ध्वनितज्ज्ञांची शिफारस आहे: घरच्या कन्सोलसाठी उणे २४, हातात धरायच्या यंत्रासाठी उणे १८, आणि मोजायचा तो निदान अर्ध्या तासाच्या खेळावर.

इथे माझी गाडी अडली. सरासरीच ती. कुजबुज पार तळाला आणि स्फोट पार आभाळाला असला तरी बेरीज बरोबर येते. शिवाय अर्धा तास कुणाचा धरायचा? मी झुडपामागे दबून बसणारी. माझा भाचा दिसेल त्याच्यावर गोळ्या झाडणारा. खेळ एकच, पण दोघांचा अर्धा तास सारखा कसा निघेल?

हे कागदावर कळलं होतं. अंगात मुरलं ते आमच्या गोंदिया जिल्ह्यात, अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या एका गावात, मंडईच्या रात्री. आमच्याकडे धान घरात आलं, दिवाळी झाली की गावोगाव मंडई भरते, आणि मंडई म्हटली की रात्री नाटक. हे झाडीपट्टीचं नाटक: नाटक कंपन्यांची मांदियाळी गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाला, प्रयोग भंडारा-गोंदियापासून चंद्रपूर-गडचिरोलीपर्यंत, आणि पडदा पडतो तो पहाटेच. या रंगभूमीवरच्या परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा बाहेरच्या बऱ्याच लोकांनी तिचं नाव पहिल्यांदा ऐकलं असेल. गर्दी इतकी की मला जागा मिळाली ती साऊंडवाल्याच्या टेबलाला टेकून. नाटक कमी आणि त्याची बोटंच जास्त पाहिली.

त्याच्या मिक्सरवर पांढरी चिकटपट्टी आडवी लावलेली, तिच्यावर बॉलपेनने लिहिलेलं: मधला, डावा, उजवा, ऑर्गन, तबला. मधला, डावा, उजवा म्हणजे रंगमंचावर वरून लोंबणारे माईक. खलनायक विंगेतून यायच्या आधीच या माणसाचं बोट मधल्या माईकला खाली घेऊन बसलेलं. खलनायक गरजला, आणि एक शिट्टी नाही की कुणाच्या कानठळ्या नाहीत. नायिकेचा रडायचा प्रवेश सुरू झाला तसा ऑर्गन हळूच मागे गेला, माईक वर आला. प्रेक्षक हसले की हसू ओसरेपर्यंत त्याचं बोट जागेवर थांबलेलं. मी विचारलं, तुम्हाला आधी कसं कळतं? तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "पाठ हाय नं जी नाटक."

पाठ आहे! खेळाच्या साऊंडवाल्याला काय पाठ असणार? तो माझ्या घरात बसलेला नाही. त्याचं काम वर्षभरापूर्वीच संपलंय. पात्र मोक्याचं वाक्य बोलत असताना मी नेमका त्याच वेळी हातबॉम्ब फेकणार आहे, हे त्याला कुणी सांगायचं? मग तो फक्त आज्ञा लिहून ठेवू शकतो: संवाद चालू असेल तर संगीत मागे घे, पन्नास बंदुका एकदम वाजल्या तर जवळच्या चार-पाचच ऐकव. डाइस या स्वीडिश कंपनीने २००८ च्या ‘बॅटलफील्ड: बॅड कंपनी’त याची एक भारी युक्ती केली. रणगाड्याचा गोळा फुटला की तेवढ्यापुरते बारीक आवाज काढूनच टाकायचे, पाऊल नाही, पाखरू नाही. बाकी सगळं गप्प झाल्यामुळे गोळा मोठा वाटतो, प्रत्यक्षात फार न वाढवताही. आमच्या साऊंडवाल्याचं बोट त्यांनी गणितात बसवलं म्हणायचं. ते गणित प्रत्येक वेळी साधत नाही हे खरं, पण मला वाटत होतं तसा तो निष्काळजीपणाही नव्हे.

त्या रात्री आणखी एक ध्यानात आलं. झाडीपट्टीचा नट स्वगत म्हणतो तेही शेवटच्या रांगेतल्या म्हातारीला ऐकू जावं असं. त्याची कुजबुजसुद्धा छातीतून येते. खेळातला नट बंद खोलीत, माईकला जवळजवळ ओठ लावून, खरोखरीच कुजबुजतो. तिथे सुई पडली तरी ऐकू येत असणार. माझ्या घरी कूलर आहे.

कूलरबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण निम्मा दोष त्याच्याकडे जातो. मे महिन्यात गोंदियात पारा पंचेचाळिशीला टेकतो. तेव्हा खिडकीत लोखंडी कूलर, त्याची पाण्याची मोटर, वर छताचा पंखा, असं सगळं रात्रभर चालू. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे. माझा कूलर एकटाच ती ओलांडत असेल, अशी मला दाट शंका आहे. त्या घरघरीत संवादाचा मागमूस लागत नाही. तोच खेळ डिसेंबरात काढला, टीव्हीवर आवाजाचा आकडा तोच ठेवला, तर खिडक्या बंद, गल्ली चिडीचूप, जंक्शनवरून मालगाडी निघाली तर तिचे डबे मोजता येतील. मग कुजबुज स्वच्छ ऐकू येते आणि पूल उडाला की सासूबाई उठून बसतात. बनवणाऱ्याने पातळी ठरवायची ती माझ्या मेची की डिसेंबरची?

त्यात कान पुन्हा लबाड. फ्लेचर आणि मन्सन या अमेरिकन संशोधकांनी १९३३ सालीच दाखवून दिलं होतं की एकूण आवाज कमी केला की खर्जातले आवाज कानाला आधी सोडून जातात. म्हणजे मी रिमोटने आवाज उतरवते तेव्हा सगळं सारखं उतरतच नाही. खेळाचा तोल माझ्याच अंगठ्याने बिघडतो.

तरीही मी सपाटीकरणाचा प्रयोग करून पाहिला. खेळातला नाइट मोड चालू केला. काहीजण त्याला मिडनाइट मोड म्हणतात. त्यात खालचे आवाज वर येतात, वरचे खाली दाबले जातात. पहिल्यांदा हायसं वाटलं. अंगठा मोकळा झाला, सासूबाईंची झोप शाबूत. मग सुट्टीत भाचा आला. त्याने माझ्या हातून कंट्रोलर घेतला आणि थोड्याच वेळात ओरडला, "मावशी, हे काय करून ठेवलं? मांगून कोन येऊन राह्यला थे समजूनच नाही राह्यलं!"

तो बीजीएमआय हा मोबाइलवरचा गोळीबाराचा खेळ खेळून तयार झालेला पोरगा. तिथे पाऊल किती मोठ्याने वाजलं यावरून शत्रू जिन्यात आहे की दारात, हे ही पोरं ओळखतात. दूरचा आणि जवळचा आवाज एकाच मापाचा केला की त्यांचे डोळेच बांधल्यासारखं होतं. मग मीही कान देऊन ऐकलं. रात्रीच्या जंगलातून चालायचा एक प्रवेश होता. त्यात पूर्वी माझे हात घामेजायचे. आता पानांची सळसळ माझ्या पावलांएवढीच मोठी, आणि झडप घालणारं जनावर सळसळीहून जरासंच मोठं. भीतीचा पत्ताच नाही. जो फरक मला छळत होता, भीती त्याच्यावरच उभी होती. नाइट मोड मी अजून वापरते, पण कूलरच्या दिवसांत, आणि काहीतरी गमावतेय हे ठाऊक असून.

भाच्याशी मात्र माझं एका बाबतीत जमत नाही, आणि ते पटवून द्यायला माझ्याकडे आकडे आहेत. ही पोरं बारीक पाऊल ऐकू यावं म्हणून इयरफोनचा आवाज चढवून ठेवतात. बॉम्ब फुटतो तो मग त्याच चढलेल्या आवाजात, थेट कानात. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने मोठ्या माणसाला आठवड्याला ८० डेसिबल ४० तास चालतं, मुलांसाठी हीच मर्यादा ७५ ची. त्यापुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्म्यावर येतो: ८३ ला २० तास, ८६ ला १०. २०२५ साली या संघटनेने आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघासोबत खास व्हिडिओ गेमसाठी सुरक्षित ऐकण्याचं मानक आणलं. भाच्याला हे सांगितलं. त्याने एका कानातला इयरफोन काढून "हो हो" म्हटलं आणि परत घातला.

तर आता माझं मागणं वेगळं आहे. आवाज सपाट करू नका. फरक राहू द्या, पण तो किती असावा हे माझ्या हातात द्या. संवाद, संगीत, बंदुका यांची वेगवेगळी बटणं द्या, मेसाठी एक मांडणी आणि डिसेंबरसाठी एक. हे अशक्य नाही. २०२० च्या ‘द लास्ट ऑफ अस पार्ट टू’मध्ये ऐकण्या-बघण्या-हाताळण्याच्या साठाहून अधिक सोयी होत्या, आणि त्यांतल्या मुख्य सोयी खेळ सुरू व्हायच्या आधीच विचारून घेतल्या जायच्या.

बाकीच्यांचं काय चालतं ते बघा. नवा खेळ लावला की आधी कंपनीच्या चिन्हाचा दणका. मग दुसऱ्या कंपनीच्या चिन्हाचा. मग मेनूचं ढोलताशासकट संगीत. हा सगळा वेळ आवाजाची बटणं माझ्या हाती लागलेलीच नसतात, ती तिसऱ्या पानावर दडलेली. इथे कुणी कुजबुजत नाही, जनावर झडप घालत नाही, मी केव्हा काय करीन याचा अंदाज बांधायची गरज नाही. हे सगळं त्यांना पाठ असतं. याबाबतीत दंडाची माझी सूचना अजून कायम आहे.