पस्तीस नॅनोमीटरची उडी

सर्फॅक्टंटचा थर दिलेले दोन पृष्ठभाग पाण्यात एकमेकांना किती लांबून ओढतात, हे मोजण्यात माझी पीएच.डी.ची वर्षं गेली. मोजमापं बरोबर होती. त्यांचा अर्थ मी चुकीचा लावला, आणि तो चुकीचाच लागेल अशी तजवीजही मीच केली होती.

उपकरण होतं सरफेस फोर्सेस ॲपरेटस, आमच्या तोंडी एसएफए. अभ्रकाचा काही मायक्रॉन जाडीचा पापुद्रा सोलायचा, मागच्या बाजूला चांदीचा जेमतेम ५० नॅनोमीटरचा मुलामा द्यायचा आणि तो काचेच्या वक्र चकतीवर चिकटवायचा. अशा दोन चकत्या एकमेकींना काटकोनात समोरासमोर ठेवायच्या. अभ्रकच का, तर ते सोललं की अणूंच्या पातळीवर सपाट पृष्ठभाग मिळतो. (आमच्याकडचं अभ्रक भारतातून यायचं. हजारो मैल लांब जाऊन कोडरम्याकडचा दगड सोलत बसलोय, याचं मला हसू यायचं.) पांढरा प्रकाश सोडला की वर्णपटात रंगीत पट्टे दिसतात, आणि ते किती सरकले यावरून अंतर एका अँगस्ट्रॉमपर्यंत वाचता येतं.

एक चकती स्प्रिंगवर असते. दोन्ही जवळ आणत गेलं की एका टप्प्यावर ओढ स्प्रिंगला आवरत नाही. अंधाऱ्या खोलीत डोळा लावून बसलेलं असताना पट्ट्याचं गोलसर टोक दचकल्यासारखं पुढे येतं आणि क्षणात सपाट होतं. पृष्ठभाग चिकटले. ही उडी जिथून पडली ते अंतर वहीत टिपायचं. नुसती व्हॅन डर वाल्स ओढ असती, तर चकतीच्या वक्रतेची १ सेंटिमीटर त्रिज्या आणि मीटरला १०० न्यूटन ताठपणाची स्प्रिंग धरून हिशेबाने उडी ९ नॅनोमीटरच्या आसपास पडायला हवी. मला ती ३५ वरून पडताना दिसे.

१९८२ साली इस्राएलाश्विली आणि पॅशली यांनी ‘नेचर’मध्ये दाखवलं होतं की सीटॅब या सर्फॅक्टंटचा थर दिलेल्या अभ्रकांत सुमारे १० नॅनोमीटरपर्यंत जास्तीची ओढ असते. पाण्याला नको असलेले पृष्ठभाग एकमेकांकडे जातात, ही हायड्रोफोबिक ओढ. पुढे इतरांचे आकडे वाढत गेले, काहींचे शंभराच्या पुढे. आमच्या गटात मग एक अलिखित नियम झाला: उडी लांबून पडली तर थर चांगला, जवळून पडली तर थर मळका. मी वापरत होतो ते सर्फॅक्टंट म्हणजे डोडॅब. या रेणूला अठरा-अठरा कार्बनच्या दोन शेपट्या असतात. ज्या दिवशी उडी १२-१५ वर यायची, त्या पानावर मी ‘खराब’ लिहायचो आणि तो आकडा आलेखात घ्यायचो नाही. ज्या गोष्टीचा शोध घ्यायचा, तीच नमुना निवडण्याची कसोटी करून टाकली होती. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. सगळेच करत होते म्हणून खटकलंही नाही.

मीठ घातल्यावर उडी जवळ येई. इथे तरी थांबायला हवं होतं. पाण्यात मीठ वाढलं की विद्युत बलांचा पल्ला घटतो, हे पदवीच्या पुस्तकात असतं. १ मिलिमोलर मिठात तो १० नॅनोमीटरच्या आत येतो. म्हणजे ओढ विद्युतभाराची असू शकते. पण मी लिहिलं, मिठाचे आयन थर उखडत असावेत. स्पष्टीकरण अगदीच खोटं नव्हतं, सोयीचं मात्र होतं. थर सलग आहे याचा पुरावा म्हणून एएफएमची, म्हणजे अणुबल सूक्ष्मदर्शकाची, चित्रं जोडली, तीही कोरड्या, ताज्या नमुन्याची. पाण्यात ठेवलेला नमुना कधी पाहिलाच नाही.

प्रबंध गेला, पदवी मिळाली. २००५ मध्ये इस्राएलाश्विलींच्याच सांता बार्बाराच्या गटाने डोडॅबच्या थरांवरचा लेख प्रसिद्ध केला. पाण्यात गेल्यावर तो थर सलग राहत नाही. भिंतीचा रंग पोपडे धरून सुटावा तसा तो जागोजागी उलटतो, दुपदरी तुकडे तयार होतात आणि मधे अभ्रक उघडं पडतं. तुकड्यांवर धन भार, उघड्या अभ्रकावर ऋण. समोरासमोर आले की धन ऋणाला ओढतं. पुढच्याच वर्षी क्लाइन यांच्या गटानेही दुसऱ्या सर्फॅक्टंटवर असंच भारांचं ठिगळकाम दाखवलं. खरी हायड्रोफोबिक ओढ उरते, पण ती बरीच जवळची.

म्हणजे मी ज्यांना ‘खराब’ म्हणत होतो, तेच थर कदाचित जास्त सलग होते. ‘कदाचित’ अशासाठी की नमुना पाण्यात किती वेळ होता, हे मी बहुतेक पानांवर लिहिलेलंच नाही. सकाळी बसवलेला नमुना कधी जेवणाआधी मोजायचा, कधी रात्री. तो फरक महत्त्वाचा आहे हे तेव्हा डोक्यातच आलं नाही, आणि आता त्या आकड्यांतून काहीही सोडवता येत नाही.

प्रबंध आजही माझ्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे. त्यातल्या चौथ्या प्रकरणाचा आलेख कुणी आधाराला घेऊ नये.