मोठ्या ‘ल’चा मसाला

२०२३च्या ऑक्टोबरात माझ्याकडे कामाचा एकदम ढीग लागला. मुंबईतल्या दुकानांवर मराठी पाट्या लावायला सर्वोच्च न्यायालयाने दोन महिन्यांची मुदत दिली होती आणि ती २५ नोव्हेंबरला संपत होती. कायद्यातली दुरुस्ती २०२२चीच होती. मराठी अक्षरं इतर लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान चालणार नाहीत, असं तिच्यात स्पष्ट म्हटलेलं. तोवर कितीतरी ठिकाणी मोठ्या इंग्रजी नावाखाली, कोपऱ्यात, मुंगीएवढं मराठी लिहून भागवलं जात होतं. आता नाव बरोबरीने उभं करायची वेळ आली, आणि फोनवर बहुतेकांचं मागणं एकच: “लोगो आहे तसाच ठेवा, खाली मराठीत फक्त टाइप करून द्या.”

हा ‘फक्त’ मला लागतो. त्याच मालकाने इंग्रजी लोगोसाठी चार-चार बैठका घेतलेल्या असतात. लाल किती गडद हवा, दोन अक्षरांत फट किती हवी, यावर रात्री उशिरापर्यंत बोलणं झालेलं असतं. मराठी नावाच्या वाट्याला मात्र यादीतला पहिला फॉन्ट येतो. गिऱ्हाईक ज्या भाषेत भाव विचारतं त्या भाषेतलं नाव असं परक्यासारखं उभं राहिलं, की लोगो अर्धाच झाला असं मी मानते.

काम सोपं नाही, हेही खरं. रोमन अक्षरं जमिनीवर उभी असतात, आपली शिरोरेषेला लटकलेली. वर वेलांटी आणि मात्रा, खाली उकार, म्हणजे एका ओळीत तीन मजले. फूटभर उंचीच्या पाटीत ‘कुलकर्णी’ लिहा. रफार-वेलांटीला वर जागा गेली, उकाराला खाली गेली, आणि अक्षराच्या मूळ अंगाला उरली जेमतेम निम्मी. टेप लावून मोजलं तर मराठी इंग्रजीएवढंच भरतं, रस्त्याच्या पलीकडून मात्र लहान दिसतं. मग वेलांटीची कमान खाली दाबायची, उकार अक्षराच्या पोटाखाली सरकवायचा, शिरोरेषा किंचित बारीक करायची, आणि हे करताना इंग्रजी नावाचा जाडपणा नि स्वभाव मराठीत उतरतोय ना ते पाहायचं. एका नावाला मला चार दिवस लागतात.

त्यात ‘ल’ आणि ‘श’. मराठी हाताने काढलेला ल पाकळीयुक्त असतो, श देठयुक्त. राज्य सरकारच्या लिपीविषयीच्या शासन निर्णयातही हीच रूपं धरली आहेत. संगणकावरच्या पुष्कळ फॉन्टांत मात्र आधी हिंदी वळणाचा, उजवीकडे दंड असलेला ल येतो. तो चुकीचा नाही, हिंदीत तोच बरोबर आहे. पण ज्याने पहिलीत पाटीवर पाकळ्यांचा ल गिरवला त्याच्या डोळ्याला ते नाव बाहेरगावचं वाटतं. का वाटतं हे त्याला सांगता येत नाही. वाटतं, एवढं खरं.

मला हे एका ‘ल’नेच शिकवलं.

आठेक वर्षांपूर्वी गिरणगावातलं एक मसाल्याचं घराणं माझ्याकडे आलं. तिसरी पिढी, पुड्या आता मॉलमध्ये ठेवायच्या होत्या. जुन्या पुडीवरचं नाव कुणा पाटी रंगवणाऱ्या पेंटरने काढलेलं. अक्षरं ओबडधोबड, आणि मधला ल तर इतरांच्या दीडपट. मी सगळं नव्याने केलं. सडपातळ, एका मापाची अक्षरं, भोवती मोकळी जागा. मला ते फार आवडलं होतं. घरातल्यांनाही आवडलं.

महिन्याभराने त्या घरातल्या काकांचा फोन आला. “ताई, माल तोच, चव तीच. पण गिऱ्हाईक पुडी उलटसुलट करून बघतं आणि ठेवून देतं. दोन वाण्यांनी खोके परत पाठवलेत. डुप्लिकेट म्हणतात.”

मी परळच्या एका किराणा दुकानात जाऊन तासभर उभी राहिले. एक म्हातारी बाई आली, नवी पुडी हातात घेतली, परत दिली. “हा नको. मोठ्या लचा दे.”

त्या घराण्याच्या मसाल्याचं लोकांत तेच नाव होतं. छापलेलं नाव कुणी घेतच नव्हतं. पन्नास-साठ वर्षांची चव, वाण्याचा विश्वास, सासूने सुनेला सांगितलेलं प्रमाण, हे सगळं त्या एका वाकड्या अक्षरात साठलं होतं, आणि मी ते नीटनेटकेपणाच्या हौसेने पुसून टाकलं होतं. चूक माझी होती. काम हाती घेताना मी मालकाशी बोलले, घेणाऱ्याशी बोलले नाही.

आपल्याकडे लोगो हा शब्द येण्याआधी ‘छाप’ होती. वाचता न येणाराही चित्र ओळखून माल मागायचा. दांडेकर बंधूंनी १९३१मध्ये मुंबईत शाईचा धंदा सुरू केला तो ‘हॉर्स’ छाप शाईच्या वड्या-पुडीने. मग फाउंटन पेनच्या शाईसाठी ‘कॅमल’ आला आणि उंटच पुढे घराण्याची ओळख झाला. शाईचा आणि उंटाचा संबंध काय, असं शाळेतल्या कोणत्या मुलाने विचारलं? शाई चांगली होती, म्हणून उंट चांगला झाला. चिन्ह पहिल्या दिवशी रिकामंच असतं. त्यात अर्थ भरतो तो माल. चिन्ह काढणाऱ्याने एवढंच पाहायचं, की ते लक्षात राहावं आणि भरत आलेला अर्थ सांडू नये.

अक्षरांचंही तसंच. कमल शेडगे यांनी नाटकांची नावं अशी रेखाटली, की वर्तमानपत्राच्या जाहिरातींच्या गर्दीत नाटक आधी ओळखू यायचं, मग वाचलं जायचं. माझ्या आईने कित्येक नावं कात्रण करून वहीत चिकटवली होती. मी अक्षरांकडे वळले ती त्या वहीमुळे.

मसाल्याच्या पुडीसाठी मी काकांकडून जुना पत्र्याचा डबा मागवला. त्यावरचा ल ट्रेसिंग पेपरवर उतरवला, एकदा नव्हे, वीसेक वेळा. त्या पेंटरने डावी पाकळी मोठी का सोडली असेल ते हाताला कळेपर्यंत. मग ल तसाच ठेवून बाकीची अक्षरं त्याच्या तब्येतीला जुळवून घेतली. नोंदणीचंही पाहायला लावलं. त्यांचा ट्रेडमार्क फक्त इंग्रजी नावाचा होता. मसाल्यांच्या तिसाव्या वर्गात या देवनागरी चिन्हाचा वेगळा अर्ज करवून घेतला. ज्या रूपाला लोक ओळखतात, ते कागदावरही त्यांचं असायला हवं.

त्याच घराण्याने पुढे दादरला दुकान काढलं, पाटी इंग्रजीत. मुदत जवळ आली तेव्हा तेही धावत आले. पाटीवाल्याने माझी फाइल बाजूला ठेवून नाव स्वतःच टाइप केलं आणि दंडाचा ल कापून आणला. ॲक्रिलिकचे पैसे वाया गेले, तरी मी तो परत पाठवला.

२४ नोव्हेंबरच्या रात्री साडेदहाला नवी अक्षरं चढत होती. शिडीवरून पोरगा म्हणाला, “मॅडम, हा ल चौकटीबाहेर येतोय. पाकळी थोडी कापू का?”

मी तोंड उघडायच्या आत काका खालून ओरडले, “त्याला हात लावू नकोस. चौकट वाढव.”