स्पायडर की पद्मिनी?

हिंगणघाटला आजोबांची 1975 ची प्रीमियर पद्मिनी उभी आहे आणि माझ्या डोक्यात मात्र फियाट 124 स्पायडर! मग काय, केली एक्सेल शीट.

पर्याय एक, आयात. तीन वर्षांपेक्षा जुनी सेकंडहँड गाडी आपल्याकडे सहसा आणताच येत नाही, वर स्टिअरिंग उजवीकडे हवं. ड्यूटीचं म्हणाल तर 2002 साली सचिनला भेट मिळालेल्या फेरारीवर सुमारे 1.13 कोटी निघाले होते. ते शेवटी फियाटने भरले. माझे कोण भरणार?

पर्याय दोन, पद्मिनीलाच दणकट इंजिन बसवायचं. इथे मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आडवं येतं. मूळ रचनेत असा फेरफार चालणार नाही, हे सुप्रीम कोर्टानेही 2019 मध्ये सांगितलंय.

तिसरा पर्याय शीट करतानाच सापडला. 2021 च्या नियमाप्रमाणे पन्नाशी ओलांडलेली, चॅसी-बॉडी-इंजिन न बदललेली गाडी 20 हजार फी भरून 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. पण मग ती रोजच्या वापरात काढायची नाही. रॅली, प्रदर्शन, बस्स.

आजीला हे सांगितलं तर म्हणाली, "मंग मले सेवाग्रामले कशात नेशीन रे बापू?"

या प्रश्नाला शीटमध्ये कॉलमच नव्हता. साध्या नोंदणीचंच नूतनीकरण करतोय. इंजिन तेच, 1089 सीसी. खर्च फक्त ब्रेक आणि वायरिंगवर. स्पायडर राहू दे वॉलपेपरवर :)