लाकडाचे वय

केसांत एक पांढरी तार दिसली की माणूस कलपाची बाटली शोधू लागतो. आणि तोच माणूस कोऱ्या करकरीत टेबलाला म्हातारे करून घेण्यासाठी वर पैसे मोजतो! आमच्या मीरा-भाईंदरला तर ही गंमत अधिकच शोभते. येथील महानगरपालिका २००२ सालची. पण काही बैठकीच्या खोल्यांतली कपाटे पाहावीत, तर जणू थेट पेशवाईतून आलेली!

मला हा मोह पडला तो वडिलांच्या टेबलामुळे. ज्यावर त्यांनी जन्मभर शाळेच्या वह्या तपासल्या, ते दोन खणांचे टेबल गावच्या घरात वाळवीने संपवले. पुढे घर विकले, वडीलही गेले. तसेच एक टेबल करून घ्यावे, आणि ते नवे दिसू नये, एवढीच इच्छा होती.

लोकलने जोगेश्वरी गाठली. ओशिवऱ्याच्या बाजारात जुने फर्निचर आणि जुन्यासारखे केलेले नवे, दोन्ही शेजारी शेजारी नांदतात. तेथे एका कारागिराने मला ही सारी किमया दाखवली. तारेच्या ब्रशाने रेषांच्या दिशेने घासले की लाकडातला मऊ भाग निघून जातो आणि टणक रेषा वर उठतात. साखळीच्या फटक्यांनी पोचे पडतात. टोच्याच्या भोकांनी भुंगेऱ्यांचा भास होतो. व्हिनिगरमध्ये तारेची घासणी भिजवून केलेले लोखंडी पाणी लाकडातल्या टॅनिनला भेटले की लाकूड काळवंडते. सागात टॅनिन बेताचेच, म्हणून आधी कडक चहाचा हात द्यायचा. कलमकारीतला काळा रंग हिरडा आणि लोखंड यांच्या अशाच भेटीतून येतो. शेवटी कानाकोपऱ्यांत गडद मेण चोळले, की झाली शंभर वर्षे!

पण खरी विद्या याच्या पुढची. भोके एका ओळीत पडली किंवा झीज चारी बाजूंना सारखी झाली, की जाणकार गालात हसतो. लाकूड झिजते ते हात लागतो तिथे: खणाच्या मुठीभोवती, पुढच्या कडेवर. मागच्या पायाला कोण कुरवाळायला जातो? म्हणून काम सुरू करण्याआधी त्या कारागिराने विचारले, "साहेब, बसणारा माणूस उजव्या हाताचा, की डावखुरा?"

मी क्षणभर गप्प झालो. वडील डावखुरे होते. डावा खण लाल पेन्सिलींचा; दिवसातून वीसदा उघडायचा. उजवा उघडायचा तो दिवाळीच्या दिवाळी. लिहिताना त्यांचे डावे कोपर कडेवर टेकलेले असे. हे सगळे मी एका अनोळखी माणसाला सांगत सुटलो, आणि वैद्याने रोग्याची हकिकत ऐकावी तशा एकाग्रतेने तो ऐकत होता.

आमचे एक सहकारी म्हणतात, "हा तर बनावटपणा!" असेल, जुने म्हणून विकले तर ती शुद्ध फसवणूक. पण आमच्या घरी फसणार कोण? आईला मी सारे आधीच सांगितले होते. टेबल आले तेव्हा तिने डाव्या कडेवरून बोटे फिरवली आणि म्हणाली, "त्यांच्या टेबलाला मेणाचा एवढा वास नव्हता रे!" मात्र दुसऱ्या दिवसापासून तिची पोथी आणि चष्मा त्याच डाव्या खणात जाऊन बसले.

पाहुणे विचारतात, "अहो, टेबल अर्धेच जुने कसे?" उजव्या बाजूला मी साखळी लागू दिली नाही, मेणही नाही. त्या टेबलावर आता माझी मुलगी अभ्यास करते, आणि ती उजव्या हाताची आहे. ती बाजू तिची तिनेच झिजवावी.