गाडी फार बोलते



नव्या गाड्या फार बोलतात, ही तक्रार आम्ही मिस्सानंतर चर्चच्या आवारात पुष्कळदा ऐकतो. दार नीट लागले नाही, टिंग टिंग. पट्टा लावला नाही, टिंग टिंग. शेजारच्या सीटवर भाजीची जड पिशवी ठेवली तरी गाडीला वाटते माणूस बसला. आमच्या एका काकांनी यावर उपायही सांगितला, "सर, बाजारात क्लिप मिळते. खाचेत अडकवली की गाडी गप्प!"

ही क्लिप म्हणजे पट्ट्याच्या टोकाला असते तशीच धातूची जीभ, फक्त तिला पट्टा नसतो. गाडी समजते पट्टा लावला आहे. माणूस मात्र मोकळाच बसलेला.

हा आवाज कंपन्यांनी हौसेने बसवलेला नाही. १ जुलै २०१९ पासून नव्या कारमध्ये चालक आणि त्याच्या शेजारच्या सीटसाठी पट्ट्याची सूचना सक्तीची झाली. वेगाचीही झाली: ताशी ८० किलोमीटरच्या वर अधूनमधून, १२० च्या वर सलग. त्यानंतर ४ सप्टेंबर २०२२ चा रविवार आला. उदवाड्याहून मुंबईला निघालेली एक महागडी गाडी चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर कठड्याला धडकली. मागच्या सीटवर बसलेले उद्योगपती सायरस मिस्त्री आणि जहांगीर पंडोल यांनी पट्टे लावलेले नव्हते. दोघेही गेले. पुढे बसलेले दोघे जबर जखमी झाले, पण वाचले. त्याच महिन्यात मागच्या सीटसाठीही सूचना सक्तीची करण्याचा मसुदा सरकारने काढला. आणि मे २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑनलाइन विक्री करणाऱ्या ५ कंपन्यांना या क्लिपा काढून टाकायला लावल्या. तेव्हा १३,११८ जाहिराती हटल्या. एवढी माणसे पैसे मोजून आवाज बंद करत होती!

चारोटीचा तो रस्ता आपल्याला परका नाही. डिंडोलीतून मोत माउलीच्या सणाला वांद्र्याला जाताना आपण त्याच पुलावरून जातो, आणि तेही सप्टेंबरातच.

सगळेच आवाज ऐकण्याजोगे असतात असे आमचे म्हणणे नाही. काही खरोखर खोटे असतात, पण त्यांनाही कारण असते. पिशवी डिकीत ठेवा, टिंग टिंग थांबते. बाहेरून सीएनजी किट बसवून घेतले की इंजिनचा पिवळा दिवा लागून राहतो, असे सुरतेत अनेकांचे होते. किटवाल्याकडून सेटिंग तपासून घ्यावे, दिव्यावर चिकटपट्टी लावू नये. एअरबॅगचा दिवा कधी कधी पुढच्या सीटखालचे कनेक्शन ढिले झाल्यानेही लागतो. तिथे मात्र स्वतः हात घालू नका, जाणकार मिस्त्रीला दाखवा. ढोबळ खूण अशी की पिवळा दिवा म्हणजे लवकर दाखवा, लाल म्हणजे सुरक्षित जागा पाहून थांबा. ऑइलचा लाल दिवा लागल्यावर 'घर जवळच आहे' म्हणून गाडी हाकणाऱ्याचे इंजिन घरापर्यंत टिकेलच असे नाही.

पापनिवेदनाची तयारी करून घेताना मुलांना आम्ही विवेकाच्या आवाजाविषयी शिकवतो. यहेज्केल संदेष्ट्याच्या ३३ व्या अध्यायातला पहारेकरी त्यांना आवडतो. त्याचे काम कर्णा वाजवण्याचे, ऐकायचे की नाही हे गावाने ठरवायचे. मुले विचारतात, लोक ऐकत का नाहीत? आम्हाला वाटते, ऐकत नाहीत असे नव्हे. ऐकू येते, म्हणून तर क्लिप शोधतात. भावाशी तीन वर्षे बोलणे बंद आहे, आतून टोचते, मग आपण स्वतःला सांगतो, 'दर रविवारी मिस्साला जातो ना, रोजरी म्हणतो ना.' रोजरी चांगलीच आहे. पण ती भावासाठी म्हटलेली नसते, आतली टिंग टिंग बंद व्हावी म्हणून म्हटलेली असते. पट्टा लावल्याची खूण उमटते, पट्टा लावलेला नसतो.

आणि क्लिप लावणारा एकटाच धोक्यात नसतो. मागे पट्ट्याविना बसलेला मोठा माणूस धडकेत पुढच्या सीटवर जोरात आदळतो. पुढे कोण बसले आहे, याचा विचार करावा. शिवाय मुले सगळे पाहत असतात. प्रथम कम्युनियनच्या वर्गातली एक मुलगी आम्हाला सहज म्हणाली, "आमच्या गाडीत पप्पांनी युक्ती केलीय." तिला ती युक्ती हुशारीची वाटत होती.

वांद्र्याच्या सहलीसाठी ज्यांच्या गाड्यांत मुले बसणार आहेत, त्यांना एक विनंती. मागच्या सीटचे पट्टे आत्ताच बाहेर काढून पाहा. पुष्कळ गाड्यांत नवे सीट कव्हर चढवताना मागच्या खाचा कव्हरखाली दाबल्या गेलेल्या असतात आणि पट्टा लावायचा म्हटले तरी जागा सापडत नाही. कव्हरवाल्याकडे जाऊन खाचेपुरते कापून घ्या, फार वेळ लागत नाही. एका सीटवर जितके पट्टे तितकीच मुले बसतील. मांडीवर कोणी नाही. मुले जास्त झाली तर आणखी एक गाडी पाहू.