डिझेलचा काटा

नाशिक

चि. बाळूस,

परवा तुझा फोन आला तेव्हा दुकानात गिऱ्हाईक होतं, धड बोलणं झालं नाही. तसंही फोनवर सांगितलेलं गाडीखाली शिरल्यावर लक्षात राहत नाही. म्हणून लिहून पाठवतोय. कागद गाडीतच ठेव.

तुझं म्हणणं असं की पिंपळगावहून टोमॅटो भरून निघताना काटा पाऊण टाकीवर असतो, घोटीला अर्ध्यावर येतो, कसारा उतरताना तळ गाठतो आणि पडघ्याजवळ आपोआप वर चढतो. एवढं सांगून वर म्हणालास, "मामा, ड्रायव्हर डिझेल मारतोय." अरे, डिझेल मारलं तर काटा खाली जाईल. पडघ्याला वर कसा येईल? चोर काय परत आणून ओततो?

घाटात काटा थोडा हलणारच. गाडी नाकावर झुकली की डिझेल पुढे सरकतं आणि फ्लोट त्याच्यामागे जातो. टाकी अर्ध्याखाली असेल तर जास्तच. पण शहापूरच्या पुढे सरळ रस्त्यावरही नाचत असेल, तर दुखणं वायरिंगचं किंवा टँक युनिटचं.

टँक युनिट म्हणजे टाकीतली दांडी आणि तिला लावलेला फ्लोट. दांडीच्या दुसऱ्या टोकाची छोटी पत्ती बारीक तारेच्या गुंडाळीवर सरकते. पातळी बदलली की रेझिस्टन्स बदलतो, आणि मीटरला कळतो तो तेवढाच करंट. आता तुझ्या वडिलांची, दाजींची, सवय आठव. टाकी कधी फुल करायची नाही, अर्धी ते पाऊण ठेवायची. टाटाची ४०७ बाजारात आली १९८६ साली, तुझी त्यानंतर काही वर्षांतली. इतकी वर्षं ती पत्ती तारेच्या त्याच भागावर घासतेय. तिथे तार झिजली असणार असा माझा अंदाज आहे. पण अंदाजावर टाकी उघडायची नाही.

आधी चावी फिरव आणि इंडिकेटर लाव. दिव्याच्या उघडझापीबरोबर काटा हलला, किंवा हेडलाइट लावल्यावर सरकला, तर डॅशबोर्डची अर्थिंग गेली समज. टेंपरेचरचा काटाही वेडावाकडा वागत असेल तर दोन्ही काट्यांच्या सामायिक सप्लायमध्ये किंवा अर्थिंगमध्ये घोटाळा आहे. मग टाकीला हात लावू नकोस.

तिथे सगळं ठीक निघालं तर टाकीवरच्या युनिटची मीटरकडे जाणारी वायर काढ. चावी चालू ठेवून बघ, काटा एका टोकाला जाईल. मग वायर चॅसीच्या उघड्या लोखंडाला टेकव, दुसऱ्या टोकाला जाईल. जुन्या मीटरमध्ये गरम होऊन वाकणारी पट्टी असते, काटा सावकाश फिरतो, घाई करू नकोस. टोकाला पोचला की वायर लगेच उचल. दोन्ही टोकं नीट गाठली म्हणजे मीटर आणि वायर चांगली, खोट टाकीकडे. काटा ढिम्म राहिला तर चॅसीवरून वायर हाताने चाचपत जा. केबिनमधून बाहेर पडते तिथे आणि क्लिपखाली ती हमखास घासलेली असते.

टाकीकडचं म्हटलं तरी निम्म्या वेळा युनिट चांगलंच असतं. टाकी बसते रबरी पट्ट्यांवर, वरून पट्टे आवळलेले. त्यामुळे तिला वेगळी अर्थची वायर लागते, आणि नेमकी तीच गंजते किंवा रंगाखाली जाते. युनिटच्या बॉडीपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत एक जादा वायर ओढून बघ. काटा शांत झाला तर पॉलिशपेपरने रंग घासून काढ, नवं टर्मिनल आवळ, काम झालं.

नाहीच झालं तर युनिट काढ. आधी वरची धूळ पुसून घे, नाहीतर माती सरळ डिझेलमध्ये. विडीवाल्याला लांब ठेव. फ्लोट कानाशी हलव. आत डिझेल डुचमळत असेल तर भोक पडलंय, तो बुडणारच. मग काट्याचा जुना मल्टिमीटर लावून दांडी हळूहळू उचल. डिजिटल मीटरवर आकडे नुसते पळतात, काट्यावर मधला झटका लगेच दिसतो. जिथे झटका बसेल तिथे तार गेलेली.

आता ड्रायव्हरचं. बिलं वाढलीत म्हणतोस. बिलं वाढलीत की बिलांचे कागद वाढलेत, ते बघ. ज्याला काट्याचा भरवसा नाही तो दर दोन पंपांमागे थोडं थोडं भरून घेतो. चूक नाही त्याची. डिझेल गाडी कोरडी पडली की एअर घेते. मग रात्री घाटात फिल्टरचा बोल्ट सैल करून, हातपंप मारून बुडबुडे संपेपर्यंत हवा काढत बसायचं, आणि मागे वाशीला पोचायचा माल. सातपूरला मायकोत, म्हणजे आताच्या बॉशमध्ये, नोझल बनतात म्हणून नाशकात पंप-नोझलचे कारागीर मिळतात, पण काट्यासाठी गाडी उभी करायला कोणी मालक तयार नसतो. त्यातला एक तू. हिशोब हवा तर गळ्यापर्यंत टाकी भर, किलोमीटर लिही, आणि त्याच पंपावर, गाडी तशीच उभी करून, पुन्हा गळ्यापर्यंत भर. जाताना भरलेली, येताना रिकामी पण घाट चढायचा, असे पूर्ण फेरे धर. त्यातून निघेल ते ॲव्हरेज खरं.

नवं युनिट घ्यायला जाताना जुनं सोबत ने. मीटरशी ओहम जुळले नाहीत तर फुल टाकीला काटा रिकामी दाखवेल. आणि हे काम करताना ड्रायव्हरला बरोबर घे. काटा कुठे काय करतो हे त्याला तुझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. मात्र त्याच्या भत्त्यातून जे कापलंयस ते आधी त्याच्या हातात ठेव, मगच पाना उचल.

ताईला नमस्कार सांग.

तुझा,
मामा